ओरखड्यांचा कैवार

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस लोणावळ्यास एका स्नेह्यांच्या बंगल्यावर दोन दिवस राहण्याचा योग आला. गृहस्थ सुविद्य, रसिक आणि अगत्यशील. त्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकींतून ढग फांकले म्हणजे नागफणीचा सुळका दिसतो. आणि त्या खिडकीच्या समोरच्या भिंतीशीं, कांचेच्या कुलूपबंद कपाटांत, हिरव्या मखमलीवर एक रायफल निजविलेली आहे. बंदूक वडिलोपार्जित, रीतसर परवान्याची. तिचा अक्रोडी दस्ता खरोखरच देखणा: मधासारख्या रंगावर काळसर रेषांच्या लाटा, आणि खांद्याकडील भागांत तर जणुं धुराची वेटोळीं. यजमानांनी कपाटांतला दिवा लावला आणि मोठ्या अभिमानानें म्हटलें, "चाळीस वर्षें झालीं, प्रोफेसरसाहेब, हिच्यावर एक ओरखडा नाहीं!"

मीं रीतीप्रमाणें वाहवा केली. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें वाक्य माझा पाठलाग सोडीना. चाळीस वर्षांत एकही ओरखडा नाहीं, हें बंदुकीचें कौतुक झालें कीं तिच्यावरील मृत्युलेख? आणि तें वाक्य मीं निमूटपणें ऐकून घेतलें, इतकेंच नव्हे तर त्यास मान डोलाविली, हा माझा शिष्टाचार कीं भित्रेपणा? त्या भित्रेपणाचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख आहे.

प्रश्न एका बंदुकीचा नाहीं. ज्या देशांत शिकार आजही कायदेशीर आहे, त्या इंग्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादि देशांतील शिकाऱ्यांमध्यें हा वाद जुना आहे. एक पक्ष म्हणतो, देखणें लांकूड घरीं ठेवावें आणि रानांत कृत्रिम द्रव्याचा काळा दस्ता न्यावा. तो भिजला तरी फुगत नाहीं आणि खडकावर आपटला तरी मालकाचें काळीज हलत नाहीं. दुसरा पक्ष विचारतो, रानांत न्यावयाची नसेल तर ती रायफल इतकी देखणी केली कशाला? मी या दुसऱ्या पक्षाचा आहें. आणि माझें म्हणणें असें कीं, वापराच्या वस्तूवर पडलेला ओरखडा हा तिच्या सौंदर्याचा भंग नसून त्या सौंदर्याची पूर्तता आहे. व जो मनुष्य ओरखड्याच्या भयानें वस्तूस वापरांतून काढून घेतो, तो तिचें रक्षण करीत नाहीं, तर तिला सोज्ज्वळ हातांनीं पुरतो.

तथापि पुढें जाण्यापूर्वीं एका गैरसमजाचें निवारण केलें पाहिजे. शिकारीचे दिवस परत यावे, असें माझें मुळींच म्हणणें नाहीं. आमच्या इकडे १९५१ सालीं मुंबई राज्यानें वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा केला. पुढें १९७२ सालीं सर्व देशासाठीं वन्य जीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीनें परवाना काढून शिकार करण्याची जी थोडी वाट उरली होती तीही बुजली. हें झालें तें योग्यच झालें. माझ्या पिढीनें मावळांत वाघ पाहिलेला नाहीं, आणि त्याच्या अभावाचा हिशेब करावयास बसलें तर आमच्या वाडवडिलांच्या बंदुकांना त्यांतून सुटका नाहीं. पिकांची नासधूस करणाऱ्या जनावराविषयीं त्याच कायद्याच्या ११ व्या कलमांत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची जी सोय आहे, तेवढाच काय तो अपवाद. आणि तो अपवादच राहावा. तेव्हां "ओरखड्यांचा कैवार" म्हणजे रक्ताचा कैवार, असा अर्थ कोणीं करूं नये. उलट, वस्तूचा धर्म आणि तिचें रूप यांची फारकत करून रूप तेवढें जवळ ठेवण्याची जी आपली सुशिक्षितांची खोड आहे, तिच्याविरुद्ध ही तक्रार आहे; आणि बंदूक हें तिचें सर्वांत अवघड उदाहरण असल्यामुळेंच मीं तें घेतलें आहे.

आतां दस्ता म्हणजे काय तें पाहूं. बंदुकीस अक्रोड निवडला गेला तो डोळ्यांस गोड लागतो म्हणून नव्हे. वजनाच्या मानानें तो बळकट. बार उडाल्यावर मागें बसणाऱ्या धक्क्यानें चटकन चिरत नाहीं. आणि त्यांत लोखंडाची जागा केसाइतक्या मापानें कोरतां येते. १७७९ च्या जानेवारींत कंपनी सरकारची जी फौज बोरघाट चढून तळेगांवपर्यंत आली आणि परततांना वडगांवीं कोंडली जाऊन जिला तहनामा लिहून द्यावा लागला, ती आमच्या मावळांत सर्वांच्या परिचयाची आहे. तींतला कार्ल्यानजीक पडलेला कॅप्टन स्टुअर्ट "इष्टुर फांकडा" म्हणून अद्याप लोकांच्या तोंडीं आहे. त्या काळच्या इंग्रजी पलटणींच्या बंदुकांचे दस्ते अक्रोडाचेच असत. त्या शिपायाला लांकडाच्या रेषांशीं काय कर्तव्य होतें? त्याला खांद्यावर न फुटणारें लांकूड हवें होतें. सौंदर्य मागाहून, उपयोगाचें बोट धरून आलें.

उत्तम दस्ता घडविणारा कारागीर आजही हाच क्रम पाळतो. जेथें मूठ आवळली जाते त्या मनगटाच्या जागीं तो लांकडाची रेघ सरळ धरतो, कारण मोडला तर दस्ता तेथेंच मोडतो. आणि वळणावळणाचें, बुंध्याजवळचें चित्रमय लांकूड तो मागील भागांत येऊं देतो, कारण तेथें तें धोक्याचें नसतें. म्हणजे ज्या धुराच्या वेटोळ्यांवर आमचे यजमान लुब्ध झाले, त्यांची जागादेखील बाराच्या धक्क्यानें ठरविली आहे! मुठीवरची चौकडीची नक्षी शोभेसाठीं नसून घामेजलेला हात सुटूं नये म्हणून आहे. जवसाचें तेल चोळतात तें चकाकीसाठीं नव्हे. तें लांकडांत मुरून हवेनें घट्ट होतें व दमटपणाला अडवितें. वार्निशावर ओरखडा उठला तर सारें वार्निश खरवडून पुन्हां द्यावें लागतें. तेलाच्या दस्त्यावर उठला तर तेवढ्याच जागीं आंगठ्यानें चार थेंब जिरवावे, काम झालें. दाबून खोंक पडली असेल तर ओलें फडकें ठेवून वरून तापलेली इस्तरी फिरविली कीं दबलेले तंतु वाफेनें फुगून वर येतात. मात्र तंतु तुटला असेल तर तो ओरखडा राहतो. याचा अर्थ उघड आहे. ज्यांनीं हा दस्ता कल्पिला, त्यांनीं ओरखड्याची वाट पाहूनच तो कल्पिला. ओरखडा हा त्यांच्या हिशेबांतला पाहुणा आहे, चोर नव्हे.

जिम कॉर्बेटची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १९०७ सालीं चंपावतच्या नरभक्षक वाघिणीचा त्यानें अंत केला. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हिवेट यांनीं त्यास रिग्बी कंपनीची एक रायफल नजर केली. दस्त्यावर तसा लेख असलेली चांदीची पट्टी बसविलेली आहे. मानाची वस्तु, लाटसाहेबांच्या हातची; ती भिंतीवर टांगण्यास याहून सबळ कारण कोणतें? परंतु कॉर्बेटनें ती भिंतीवर टांगली नाहीं. ती घेऊन तो वर्षानुवर्षें कुमाऊंगढवालच्या पहाडांत हिंडला, आणि १९२६ सालीं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबळ्या पडला तो त्याच रायफलीनें. मानाच्या वस्तूचा मान कसा राखावा, हें त्या शिकाऱ्यास आमच्याहून अधिक कळलें होतें. आणि त्याच मनुष्यानें पुढें वाघाच्या रक्षणासाठीं आवाज उठविला, हेंही विसरूं नये.

आतां माझ्याच घरची हकीकत सांगतों. तींत दोष माझा आहे, तेव्हां सांगण्यास संकोच नको.

माझे मामा पवन मावळांतले. भाताची शेती, चार गुरें, आणि १९४७ नंतर मायदेशीं परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून विकत घेतलेली एक रायफल, एवढा त्यांचा संसार. कार्तिकांत भात पिवळें पडूं लागलें कीं रानडुकरें उतरत, आणि त्या काळच्या परवान्याप्रमाणें मामा खांचराच्या बांधावर रात्र रात्र बसत. १९७२ चा कायदा झाला. मामांनीं पुन्हां जनावरावर बार टाकला नाहीं. "आतां आपण डबे वाजवायचे," एवढेंच ते म्हणत. परंतु दर वर्षीं खंडेनवमीस ते ती रायफल खालीं काढीत, नळी साफ करीत, दस्त्यास जवसाचें तेल चोळीत, आणि आम्हां भाचरांस भोंवतीं बसवून दस्त्यावरचे ओरखडे वाचून दाखवीत. होय, वाचूनच. हा तिकोन्याच्या उतारावर करवंदीच्या जाळींतून घसरलों तेव्हांचा. ही चंद्रकोर बैलगाडीच्या खिळ्याची. हे चार समांतर ओरखडे मोत्या कुत्र्याच्या नखांचे. डुकरानें त्याची बरगडी फाडली तेव्हां त्यानें मामांच्या अंगावर उडी घेतली होती, आणि तो पहाटेपर्यंत जगला नाहीं. आणि हे दोन? "ते साहेबाला विचारावे लागतील," असें म्हणून मामा हंसत. मनगटाच्या जागीं लांकूड काळेंभोर झालें होतें. तो कोणत्याही रंगाचा लेप नव्हता. दोन माणसांच्या तळहातांचा घाम होता.

मामा गेल्यावर परवाना रीतीप्रमाणें मामेभावाच्या नांवावर झाला. त्यानें माझा सल्ला विचारला. आणि मीं, इंग्रजी वाङ्मयांतील सौंदर्यविचार तीस वर्षें मुलांस शिकविणाऱ्यानें, सांगितलें कीं लांकूड फार सुंदर आहे, तें एकदां नीट करून घे. शहरांतल्या एका कुशल कारागिराकडे बंदूक गेली. त्यानें सांगितलें तेवढेंच केलें, आणि उत्तम केलें. दस्ता तासून, घोटून, वर चकचकीत लेप देऊन परत आला. मुठीवरची चौकडी अर्धी पुसली गेली होती, आणि लांकूड जेथें लोखंडास भिडतें तेथें तें खालीं जाऊन लोखंडाची कड नखाइतकी वर राहिली होती. कारण तुटलेल्या तंतूचा ओरखडा काढण्यास भोंवतालचें सारें लांकूड त्याच्या पातळीस आणावें लागतें, दुसरा उपाय नाहीं. त्या खंडेनवमीस मामींनीं हळदकुंकवाचें ताट पुढें आणलें, दस्त्यावरून हात फिरविला, आणि विचारलें, "ही कुणाची आणलीत?"

या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. मोत्याची चार नखें मीं कानशीनें घांसून टाकलीं होतीं.

आतां विरुद्ध पक्षाचे मुद्दे घेऊं. त्यांत कांहीं तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं.

पहिला मुद्दा पावसाचा. लोणावळ्यास वर्षाकांठीं ४००० मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. अशा हवेंत लांकूड फुगतें, नळीवर दाब देतें आणि नेम ढळतो, हें शास्त्र खरें आहे. म्हणून तर आज नेमबाजीच्या सामन्यांत धातूचे, पेंचानें हवे तसे जुळविणारे दस्ते आले आहेत. आणि कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत कांस्यपदक मिळविलें, तेव्हां लांकडाच्या अभावीं त्याच्या यशांत कांहीं उणें राहिलें असें कोणीं म्हणणार नाहीं. ज्याला केसभर नेम हवा त्यानें धातूचा दस्ता खुशाल घ्यावा. तोही वापरणाराच आहे, आणि म्हणून माझ्याच पक्षाचा आहे. पण जो मनुष्य लांकूड पावसाला भितें म्हणून तें कपाटांत ठेवतो आणि दुसरें कांहींच खांद्यावर घेत नाहीं, त्यानें पावसाचें नांव सांगूं नये.

दुसरा मुद्दा दुर्मिळतेचा. असा अक्रोड वाढण्यास माणसाच्या दोन पिढ्या जातात. तेव्हां त्याचें जतन हें कर्तव्य नव्हे काय? अवश्य कर्तव्य आहे. पण झाड आपलें आयुष्य देऊन बसलें तें कशासाठीं? कोणी म्हणेल, कार्ल्याच्या चैत्यांतील छताच्या सागवानी फांसळ्या पाहा. सुमारें दोन हजार वर्षें त्या टिकल्या त्या कोणीं वापरल्या म्हणून नव्हे. खरें आहे. परंतु त्या टिकल्या त्या आपल्या जागीं राहिल्या म्हणून. ज्या सभेवर छत धरण्याच्या आविर्भावानें त्या बसविल्या, त्याच सभेवर त्या आजही आहेत. कोणीं त्या उपटून दिवाणखान्यांत लाविल्या असत्या, तर त्यांचें लांकूड टिकलें असतें आणि फांसळ्या नाहींशा झाल्या असत्या.

तिसरा मुद्दा संग्रहालयांचा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांतले अडकित्ते आणि दिवे आपण कौतुकानें पाहतों. मग घरचें कपाट तेवढें निंद्य कां? याचें उत्तर त्या अडकित्त्यांनींच द्यावें. ते कोणाच्या तरी पानाच्या तबकांत आयुष्य काढून तेथें आले आहेत. संग्रहालय हें वस्तूचें वार्धक्य आहे, तिचें बालपण नव्हे. आनंद कुमारस्वामी बोस्टनच्या संग्रहालयांत आयुष्य घालवूनही हेंच बजावीत राहिले कीं, येथें मांडलेल्या वस्तु मुळांत मांडण्यासाठीं केलेल्या नव्हत्या. जी वस्तु कोरीच कपाटांत जाते, तिचें संग्रहालय होत नाहीं. तिचें दुकान होतें.

आणि येथेंच चौथा, बहुधा न बोलला जाणारा मुद्दा बाहेर पडतो: ओरखडा पडला कीं किंमत उतरते. हा मुद्दा मात्र प्रामाणिक आहे. ज्यास विकावयाचें आहे त्यानें ओरखडा टाळावा. माझी विनंति एवढीच कीं, त्यानें त्यास रसिकता म्हणूं नये.

वाचक म्हणतील, एका बंदुकीसाठीं एवढा आटापिटा कां? म्हणून त्याच बंगल्याच्या अंगणांत चला. लोणावळ्यापासून कामशेतपर्यंत आणि पवनेच्या जलाशयाभोंवतीं आज जे बंगले उठले आहेत, त्यांतील अनेकांच्या दारांत वार्निश दिलेला नांगर उभा असतो, हिरवळीवर जातें असतें, भिंतीवर बैलगाडीचें चाक असतें. हीं सारीं अवजारें दिसण्यांत सुंदर आहेत यांत शंका नाहीं. माझ्या स्नेह्यांच्या भिंतीवरही असें एक चाक आहे. तें पाहत असतां बंगल्याचा रखवालदार माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मनुष्य साठीचा, त्याच पंचक्रोशींतला. ज्या जमिनीवर बंगला उभा आहे तींत त्याच्या घराण्याचा वांटा होता. तो म्हणाला, "साहेब, धाव काढून टाकली ना त्याची. गंजून भिंतीला डाग पडत्यात म्हणून. धाव न्हाई, तर चाक कसलं?"

लोखंडी धाव हेंच तर चाकाचें जमिनीशीं नातें. तिच्यावर दगडांचे वार बसत, ती झिजे, आणि झिजली म्हणजे नवी तापवून चढवीत. आम्हां रसिकांस चाक हवें आहे, परंतु त्याची रस्त्याशीं झालेली झटापट नको. नांगर हवा आहे, परंतु शेत नको. आणि नांगर धरणारा हवा आहे, पण तो फाटकापाशीं, गणवेशांत. बंदुकीच्या दस्त्यावर ओरखडा सहन न होणारी दृष्टि आणि मावळच्या माणसास त्याच्याच जमिनीवर रखवालदार करून त्याचा नांगर शोभेस मांडणारी दृष्टि, या दोन दृष्टि नव्हेत. ती एकच आहे. वस्तूवरून मनुष्याचा हात पुसून टाकला म्हणजे ती निर्दोष दिसते, असें त्या दृष्टीचें मत आहे.

मग करावें काय? ज्याच्या घरीं अशी रायफल आहे आणि परवाना आहे, त्यानें ती कायद्यास धरून वापरावी. तिच्या खांद्यास खांदा लावावयाचा तर तो चांदमारीवर लावावा, पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर. तेंही ज्याच्यानें होत नसेल, त्यानें ती जशी आहे तशी, घामासकट आणि नखांसकट, ठेवावी आणि वर्षांतून एकदां मुलांस ती वाचून दाखवावी. त्यांत तिनें काय काय मारलें हेंही लपवूं नये. आणि ज्यास तिच्या इतिहासाची लाज वाटत असेल, त्यानें ती सरकारजमा करावी. तो मार्गही स्वच्छ आहे. निषिद्ध आहे तो चौथा मार्ग: तिचा धर्म नाकारावयाचा, तिचा इतिहास घांसून टाकावयाचा, आणि उरलेल्या कातडीवर दिवा लावावयाचा.

माझ्या मामेभावानें गेल्या हिवाळ्यापासून पहिला मार्ग धरला आहे. चांदमारीच्या कट्ट्यावर ती रायफल टेकवितांना सिमेंटचा एक ओरखडा दस्त्यास पडला, असें त्यानें मला कळविलें, आणि तो कसा काढावा असें विचारलें. मीं उलट टपालीं त्यास लिहिलें, तारीख टिपून ठेव.